पाय ट्रेमध्ये ठेवा

करंजाड्याच्या थांब्यावर बस थांबली,
म्हणजे थांब्यापासून अडीच हात लांब थांबली.
मधल्या दाराशी घडीचा रॅम्प आहे,
रॅम्पवर निळ्या खुर्चीचं चित्र आहे,
चित्रावर कुणीतरी तंबाखू थुंकलंय.
"तो उघडत नाही मॅडम," कंडक्टर म्हणाला,
"गंजलाय. कधी कुणी मागितलाच नाही ना."
मी नऊ वर्षं मागतेय, म्हणणार होते,
पण मागे रिक्षावाला हॉर्नवर बसला होता
आणि अडीच हात ओलांडायला मला दोन्ही हात लागतात.
पिशवी तोंडात होती.

विमानतळावर मात्र सगळं सपाट.
इतकं सपाट, की कुबडीचं रबर
शेवाळावर टेकवल्यासारखं सटकतं.
चाकाची खुर्ची घेऊन आलेला पोरगा माझ्या भाचीला विचारतो,
"यांना पायऱ्या चढता येतात का?"
"यांना कॅरममध्ये टपाल खात्याचं ब्राँझ आहे," भाची सांगते.
तो म्हणतो, हो, पण पायऱ्या?

सुरक्षेच्या रांगेत बॅग पुढे गेली.
तिच्यात मोज्यात गुंडाळलेला स्ट्रायकर
आणि डबीत पांढरी पावडर.
डबी उघडून जवान हसला:
"बोरिक? आमच्या बराकीत टाल्कमवर भागवतो."
पावडर सुटली. स्ट्रायकर सुटला.
अडकला तो पाय.

पडद्यामागे एक स्टूल होतं, एका पायानं आखूड.
आमचं लगेच जमलं.
"कॅलिपर काढून ट्रेमध्ये ठेवा."
मांडीचा पट्टा, गुडघ्याचा, पोटरीचे दोन,
मग बुटाची नाडी, आई बांधायची तशी दोन गाठींची,
कारण माझ्या या पायाला
बूट निसटलेला कळत नाही.
ती घड्याळ बघत होती. वाईट नव्हती बाई,
पट्टा धरायला हात पुढे केला,
मग नियम आठवून मागे घेतला.

ट्रे निघाला.
एक लॅपटॉप आणि कुणाचा तरी बेल्ट, त्यांच्या मधून
माझा पाय माझ्याआधी पलीकडे पोचला.
एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदाच तो पुढे, मी मागे.
काचेवर दोन सळया दिसल्या असतील, चार बकलं, एक टाच.
मी इकडे स्टुलावर डुगडुगत,
ओढणी मांडीवर पसरून.

मग बुटाच्या तळव्यावर कापडाची पट्टी घासली,
पट्टी यंत्रात सरकवली. यंत्र विचारात पडलं.
"काही सापडलं नाही," ती म्हणाली.
नीट बघा, मी म्हटलं,
इथंच कुठेतरी आमचं खाजण होतं.
त्या सरकत्या पट्ट्याच्या पुढे असेल,
नाहीतर चॉकलेटच्या दुकानाखाली.
राता भात व्हायचा, खाऱ्या मातीतला.
बाबा मला पाठीवर घेऊन बांधावरून शाळेत न्यायचे,
त्यांना गुडघाभर चिखल,
माझे बूट कोरडे.
रॅम्प म्हणजे काय, ते मला तेव्हापासून माहीत आहे.
वाकलेली पाठ.

तिला सगळं समजलं नसावं.
मागे एक गृहस्थ बूट हातात घेऊन उभा होता,
स्वतःचे, पायाशिवायचे.
"ठीक आहे, जा," ती म्हणाली.

पुन्हा चार पट्टे, दोन गाठी.
पोरगा खुर्ची पुढे करतो, बसा ना, हैदराबादचं गेट लांब आहे.
बसेन. त्या खांबापर्यंत चालते.
कुबडीचं रबर झिजलंय,
दर टेकीला त्या आरशासारख्या फरशीवर
काळा ठिपका उमटतो, कवडीएवढा.
मागून पुसायचं यंत्र घरघरत येतंय,
त्यावर बसलीय घरतांची जयवंती, आमच्याच वाडीतली,
गणवेशात, डोक्याला जाळी.
ती माझ्याकडे बघते, ठिपक्यांकडे बघते,
आणि यंत्र जरासं डावीकडून घेते.