पाचर

कंपनीची वही एकशे बारा पानांची.
पान सतरावर भिंतीचा पांढरा रंग,
नुसता पांढरा नव्हे, त्याला नंबर आहे.
काउंटर जमिनीपासून नऊशे मिलिमीटर,
गिऱ्हाईक उंच असो की बुटकं.
पान चाळीसवर ‘स्थानिक भिंत’:
इंदूरच्या शोरूमचा फोटो, त्यात पोह्यांची बशी माणसाएवढी.
कोल्हापूरची चौकट रिकामी, खाली बारीक अक्षरात
चप्पल? पैलवान? तिखट?

फोनवर मी म्हणते, हो सर, पाठवते.
फोन खिशात टाकून साइटवर,
आलो रे, थांबा, बघतो.
आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात.
वहीत त्याला पान नाही.

राजारामपुरी, आठवी गल्ली. खाली शोरूम, वर ऑफिस.
तातोबा सुतारांनी कोपऱ्यात गुण्या धरला,
एक डोळा मिटला.
‘म्याडम, भिंत गुण्यात न्हाई.
कुणाच्या तरी म्हशीला वाट सोडली असंल बांधताना.’
मागच्या टोकाला अकरा इंच तिरकी.
मी पुण्याला कळवलं. उत्तर आलं:
ड्रॉइंग मंजूर आहे, भिंत दुरुस्त करा.

भिंत काही दुरुस्त झाली नाही.
तिच्यापुढं आम्ही दुसरी उभी केली,
प्लायची, सरळ, नंबरवाल्या पांढऱ्याची.
मधे राहिली पाचर,
दाराशी शून्य, मागं अकरा इंच, उंची छतापर्यंत.
तिचंही भाडं कंपनी भरते, चौरस फुटानं,
आणि तिला माहीत नाही.

स्थानिक भिंतीसाठी मी उद्यमनगरातून
फौंड्रीचे लाकडी साचे आणले होते,
पंपाची पोटं, गिअरचे दात, तेलानं काळे पडलेले.
मेल आला: छान आहे, पण हे कोल्हापूर वाटत नाही.
नोएडाहून छापील चप्पल आली, नऊ फुटी जोड.
रियाज मुजावर चिकटवता चिकटवता शिडीवरच थांबला.
‘म्याडम, दोन्ही डाव्या पायाच्या हायत.’
मी म्हटलं, लाव.

तपासणीला आलेल्या पोरानं लेझर मारला
आणि सगळीकडं बरोबरची खूण केली.

चार वर्षांनी कंपनीनं रूप बदललं.
नवी वही, एकशे अठ्ठेचाळीस पानं.
पांढऱ्याचा नंबरही बदलला,
दोन्ही तुकडे उन्हात धरून बघितले,
मला तरी फरक कळला नाही.
या खेपेला तातोबांचा रणजित आला, पटाशी घेऊन.
प्लाय उतरली. आत जुना पोपटी ऑइलपेंट,
त्यावर सुतारी पेन्सिलीनं, जाड,

रियाज ६ दिवस
सिद्राम ४, एक अर्धा
चहा २१२
प्लाय ३ उरल्या, नेल्या
म्याडमकडं येणं १८५०

रणजित काही बोलला नाही.
पटाशीला धार होती तरी लावत बसला.

कंपनीनं माझे पाच टक्के अडकवले होते, वर्षाच्या हमीवर.
मी तातोबांचे अडकवले, त्याच हमीवर.
वर्ष सरलं, माझे आले.
तातोबांचे
राहून गेले, असंच म्हणते मी,
जणू ते आपले आपणच राहिले.

वडणग्याला घरापुढच्या कट्ट्यावर ते बसलेले,
एका डोळ्यावर हिरवी पट्टी, मोतीबिंदूची.
‘कोण?’
मी आलो, तात्या.
पाकीट त्यांनी हातात तोललं, उघडलं,
नोटा अंगठ्यानं मोजल्या.
‘आन त्या तीन प्लाय? त्या वजा केल्या न्हाईस.’
राहू दे म्हटलं, तर सहाशे मोजून परत माझ्या मांडीवर.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही. आतून चहा आला, गोडमिट्ट.
‘भिंत पाडली का रं त्यांनी?’
नाही.
‘मग नवी कितीवर घेतलीस?’
अकरा इंचावरच, मागच्या टोकाला.
त्यांनी उघडा डोळा मिटला,
गुण्या धरताना मिटायचे तसा.