आज तास नाही

आज सकाळी तास नाही.
सरांचा गुडघा सुजलाय.
(सेन्सेई म्हणायचं असतं, पण तोंडात सरच येतं.)
त्यांनी दारातूनच एक हात वर केला
आणि आम्ही आठही जण सवयीने
अर्धं पाऊल मागे सरकलो.
मग कळलं, बसा म्हणताहेत.

मोहगावच्या तलावावरून धुकं उठायला तयार नाही.
कठड्यावर गाद्या उन्हाला टाकल्यात, निळ्या,
कालच्या पाठी अजून त्यांच्यात ओल्या.
दोरीवर पट्टे: पाच पांढरे, दोन पिवळे,
एक तपकिरी, धुऊन धुऊन
चहात बुडवलेल्या टोस्टच्या रंगाचा.
वाऱ्याने सगळे एकमेकांत गुंतवलेत.
सोडवायला कुणी उठत नाही.

हिंगण्याहून पोहे आलेत, तर्री वेगळ्या डब्यात.
झाकण निघताच लोकेश्वरी दोनदा शिंकते.
"वरून सांभार टाकू का?" ती विचारते
आणि चिपळूणचा ओजस गोंधळतो,
"पोह्यांवर सांबार?"
तिच्या हातातली कोथिंबीर बघून
तो स्वतःच लाल होतो.
नुसरत हसता हसता बरगडी धरते.
काल त्याच कुशीवर पडली होती ती,
एकवीस वेळा, मोजून.
"काऊन हसून राहिले बे," इंदल म्हणतो,
"तर्री थंडी होऊन राहिली ना."

काल याच इंदलने माझं मनगट
असं पिळलं होतं की मला ट्रेझरीतली
सगळी थकलेली बिलं आठवली.
आज त्याच अंगठ्याने तो संत्रं सोलतोय,
साल न तुटू देता, एका लांब वळणात,
आणि पहिली फोड मला देतो.
"दुखते का अजून?"
थोडं, मी म्हणते. फोड आंबट असते.
मृगाचा बहार यायला अजून महिना आहे.

फोन वाजतो. घरून.
सत्तेचाळिसाव्या वर्षी मी
योगाच्या शिबिराला आले आहे, असं तिकडे माहीत आहे.
"कसं चाललंय?"
मी सगळ्यांकडे बघते, तोंडावर बोट.
सगळे थिजतात, चमचे हवेत.
फक्त नुसरत मागून, मधाच्या आवाजात,
"श्वास आत घ्या… आता हळूच सोडा…"
"बरं बरं, करा तुम्ही," घरचे म्हणतात.
ओजस पोह्यांवर उपडा होतो.

कॅम्पचा पोट्टा कागद घेऊन येतो,
प्रमाणपत्रासाठी. पूर्ण नाव लिहा, आडनावासकट.
पेन लोकेश्वरीजवळ थांबतं.
तीन दिवसांत कुणीच कुणाला विचारलं नव्हतं.
मला माहीत आहे
ओजसचं वजन घाबरल्यावर टाचांत उतरतं,
लोकेश्वरी वार करण्याआधी ओठ चावते,
इंदल पाडतो तेव्हा दुसरा हात
आपल्या डोक्याखाली येऊन थांबलेला असतो.
एवढं मला ऑफिसातल्या
अठरा वर्षांच्या शेजाऱ्याबद्दल माहीत नाही,
त्याचं आडनाव, गाव, कुलदैवत
सगळं पाठ असून.
"नंतर लिहू," लोकेश्वरी म्हणते
आणि कागदावर अख्खं संत्रं ठेवून देते,
उडू नये म्हणून.

ऊन पायरीवर आलंय.
मी चहा आणायला उठते.
पायाला मुंग्या, पायरीवर दव,
आणि मी जाते,
हातातल्या प्लेटसकट.

तळवा जमिनीवर फाडकन वाजतो.
मान आत. पाठ गोल.
तलावाकाठचा एक बगळा तेवढा उडतो.

कुणी धावत आलं नाही.
माझ्या पदरात कुणी अरेरे घातलं नाही.
ओजसने फक्त प्लेट उचलली.
इंदल चघळत चघळत म्हणाला,
"हनुवटी बरोबर होती, मॅडम.
पोहे गेले."