तडा

पाटणकर बाजारात, हरकिसन कक्काच्या ठेल्यावर
माझे पॅड उलटे पडलेत,
फोम बाहेर, जुन्या गादीसारखा.
आधी ते शालन मोहितेचे होते,
त्याआधी कुणाचे, कोण जाणे.

कक्का दोऱ्याला मेण लावतो,
खोगिराचा टाका घालतो.
‘दस साल चलेंगे.’

मग मी हेल्मेट पुढे करते.
कपाळावरची काळी टेप तो नखाने सोलतो;
काल बाबा झोपल्यावर लावलेली.
बोट फिरवतो. थांबतो.

‘पट्टा सी दूँगा, बिट्टी.
दरार नईं सिलती.’

उद्या निवड. समोर इटारसीची ती पोरगी,
जिचा ड्रॅग-फ्लिक दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

हेल्मेट मांडीत घेऊन
आतली बॉलपेनची नावं वाचते.
शालनच्या खाली जागा आहे.
पेन आहे दप्तरात.
काढत नाही.