दोन्ही चांगली

पाहुण्या बाईनं सुबिराला विचारलं,
हे बरं की पलीकडचं, निळ्या छपराचं?
पुढल्या वर्षी बहिणीला घेऊन यायचंय.

सुबिरानं दोन्हीकडच्या चादरी धुतल्यात,
तिकडे सात वर्षं,
इथे गेल्या रमजानपासून.
तिकडच्या उशांचा तेलाचा वास
काही केल्या जात नाही.
इथली माणसं अंथरुणात आंबे खातात.
तिकडे पगार दोन तारखेला,
इथे मिळेल तेव्हा;
पण इथला मुकादम उरलेला पाव नेऊ देतो,
फाटकावर पिशवी उघडायला लावत नाही.

समुद्र तिकडून जास्त दिसतो.
ओहोटीला बायका दिसतात
गुडघाभर पाण्यात वाकलेल्या,
दोरीला शेवाळ बांधणाऱ्या.
सात नंबरच्या पाहुण्यानं एकदा तिला फोटो दाखवला,
किती सुंदर, नाही?
पाठमोरी बाई.
कांगा ओळखीचा.
त्यानं मोठं करून दाखवलं
तेव्हा काठावरच्या म्हणीतले दोन शब्द वाचता आले,
बाकीची म्हण आईच्या कमरेशी
चुणीत गेली होती.
हो, म्हणाली, सुंदर.
आणि टॉवेल मोजायला लागली.

"आणि ते तिसरं? बांधताहेत ते?"
त्याचा धक्का थेट पाण्यात उतरलाय,
आईच्या खुंट्या होत्या तिथून.
आई आता आणखी पुढे जाते,
छातीभर पाण्यात. पोहता येत नाही तिला.

"ते अजून झालं नाही," सुबिरा म्हणाली.
"ही दोन्ही चांगली."
वारा फार होता.
ओल्या चादरीची दोन टोकं
तिनं बाईच्या हातात दिली:
"जरा घट्ट धरा."