साडेतीन

बांगवेउलूच्या दलदलीत
जमीन कुठे संपते हे फक्त होडक्याला कळतं.
मच्छरदाण्यांचे सहा गठ्ठे, वर ताडपत्री,
ताडपत्रीवर मी, मांडीवर वही.
मागे उभा राहून चोम्बा लांब काठीने तळ ढकलत होता,
मध्येच मानेवर चापट मारून घेत होता.
"बा मुसोंदा, एक मला आत्ताच पांघरायला द्या की!"

वहीत रकाने चार:
घर. माणसं. अंथरुणं. अंगठा.
हिशेब सोपा शिकवलाय आम्हाला साम्फ्याला.
दोन माणसांना एक मच्छरदाणी,
अर्धी आली तर वर चढवायची.
अर्धी कुणाला देता येत नाही.
डासाला अर्धं कळत नाही.

पहिल्याच बेटावर चिसांगा आला, हातात डांबराचा डबा,
होडीची भेग बुजवायची सोडून.
कापड बोटांवर ताणून उन्हाकडे धरलं.
"यातून पाणीच तेवढं निसटेल," म्हणाला,
स्वतःशीच बोलल्यासारखं.
ठरलेलं भाषण मला पाठ आहे:
औषध पाण्यात उतरतं, पिल्लं खरवडून निघतात,
पुढच्या वर्षी तळं रिकामं.
नाही केलं. त्याच्या दारात तीन पोरं
भांड्याच्या बुडाचा कालचा कसावा काढत होती.
एवढंच म्हटलं, "माशांना मोठं व्हायला वेळ लागतो, चिसांगा.
पोरांनाही."
त्याने अंगठा उमटवला.
पुढे काय करेल, त्याचं त्याला माहीत.

तिसऱ्या बेटावर बाना कासुबा.
म्हणजे कासुबाची आई. इथे बाईला
पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात,
आणि ती हाक मग मागे घेता येत नाही.
"किती माणसं?"
ती बोटं मोडत गेली: नवरा, मी, सासू, धाकटा दीर,
म्वेल्वा, चिलेशे, हा पाठीवरचा.
थांबली. आठवं बोट
दुसऱ्या हाताने धरून ठेवलं.
"आणि कासुबा," म्हणाली. "आठ."

मला माहीत होतं. पुराच्या साली
भर दुपारी त्याची दातखीळ बसली होती,
आणि दवाखाना एका अख्ख्या दिवसाच्या वल्ह्यावर.
माणसाला शेवटी साडेतीन हात जागा लागते म्हणतात;
कासुबाचं दोन हातांत भागलं.

कानामागची पेन्सिल काढली.
सात भागिले दोन, साडेतीन. वर चढवून चार.
आठ भागिले दोन, चार.
पुन्हा करून पाहिलं.
साताला चार, आठालाही चार.
कुणाच्या वाट्याचा एक दोरासुद्धा कमी होत नव्हता.
आम्ही जी अर्धी वर चढवतो
तिच्यात कुणी राहत असेल
हे साम्फ्याला शिकवलं नव्हतं.

आठ लिहिलं.

मग नेहमीचं सांगितलं: एक दिवस सावलीत टांगा,
नवा वास जाऊ दे, मग कडा चटईखाली खोचा, चारी बाजूंनी.
"खोचायला येतं मला," ती म्हणाली,
आणि पाठीवरच्याची निसटलेली गाठ
न बघताच घट्ट केली.

पंधरा दिवसांनी रात्री तपासणीला गेले.
टॉर्चवर ओढणी गुंडाळली होती, कुणी उठू नये म्हणून.
चारही टांगलेल्या. एकीचा कोपरा
लव्हाळ्याच्या दोरीने बांधलेला, खिळा नसल्यामुळे.
जाळीवर बाहेरून डास, मागचे पाय उचलून,
दार बंद झाल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखे.
आत म्वेल्वा आणि चिलेशे एकाच कडेला चिकटून,
दुसरी कड मोकळी.

उकडत असेल.
नाही, उकडत असतं तर चिकटली नसती.
मी टॉर्च बंद केला.

महिनाअखेर जिल्ह्याचा साहेब आला, मोटारहोडीतून,
वहीवर बोट ठेवून म्हणाला,
"यादीपेक्षा इथे एक डोकं जास्त आहे."
मोजताना चुकले असेन, म्हटलं.
मच्छरदाण्या जुळतात का बघा.

त्याने मोजल्या. जुळल्या.
चष्मा पुसून
पुन्हा मोजल्या.