ळ

कीबोर्डावरचा ळ गेला परवा.
चहा सांडला होता, अर्धा कप, बिनसाखरेचा.
बाकी अक्षरं शाबूत.

रोज रात्री साडेदहाला दिवसाच्या चार ओळी टिपायच्या,
ही माझी जुनी खोड; कुणी विचारत नाही, तरी.
काल बसलो लिहायला: सौद्यात हळद क्विंटलमागे तीनशेनं उतरली.
सांगलीत राहून हळद लिहिता येईना!
मग जुन्या टिपणातला एक ळ उचलला, चिकटवला.
आळतेकरांच्या सुनेला मुलगी झाली: उचलला.
शिराळ्याची एस्टी बंद, महांकाळला टँकर:
उचलला, उचलला.

बातम्यांना तर किती लागतात.
गोळीबार. जाळपोळ. कुठंसा पूल कोसळला.
मंत्री म्हणाले, काळजीचं कारण नाही.
तिथंही एक.

गणपती पेठेतला बागवान म्हणाला,
काका, हे दुरुस्त होत नसतं, नवा घ्या, साडेचारशे.
म्हटलं, बघू.

खरं सांगू, या उसनवारीत हात जरा थांबतो.
कोसळला लिहिताना मध्येच मागं जावं लागतं,
मार्चमधल्या एका ओळीपर्यंत,
जिथं लिहिलंय:
गच्चीतल्या वेलीला पहिलं दोडकं, कोवळं.
पुलाला ळ मिळाला तो तिथला.

आज वाटलं, वाईट शब्दच अडत असणार बहुधा.
म्हणून टाइप करून पाहिलं: युद्ध.
एकही बटण अडलं नाही.

कुमुद दोरीवरचे कपडे आत आणत होती.
"झोपा आता," म्हणाली, "उद्या पाणी पाचलाच येणार आहे."
तेवढंच लिहिलं मग,
एका दमात.