वळणावर

बर्फ गेला मंगळवारी, दुपारी दोन-दहाला.
तळ्याच्या मधोमध ठेवलेलं जुनं पिंप कलंडलं,
दोरी ताणली, काठावरचं घड्याळ थांबलं,
आणि पैजेचे चारशे डॉलर
पोस्टातल्या वाल्मोरला मिळाले,
ज्याने जन्मात कधी गळ धरलेला नाही.

बुधवारी पहाटे ॲन्सेल्म आला.
एकोणीस वर्षांनी.
दारात उभा, हातात वडिलांची रॉड
(म्हणजे ती त्यानेच नेली होती तर).
मी काही बोलले नाही.
कॉफी थर्मासात ओतली
आणि कप दोन घेतले.

मोटर सुरू होईना. तीन झटके,
चौथ्याला नुसता निळा धूर.
मग वल्ही. वल्ही माझ्याकडे,
कारण त्याचा उजवा खांदा आता वर जात नाही;
त्याने सांगितलं नाही,
टोपी काढताना मी पाहिलं.

पाणी काळं. इतकं नवं
की आभाळ अजून नीट धरता येत नव्हतं त्याला.
वाऱ्याने उरलासुरला बर्फ
उत्तरेच्या खाडीत रेटलेला,
त्याच्या सुया एकमेकींवर घासत किणकिणत होत्या,
घरात कुणी झोपलेलं असताना
जपून बशा मांडाव्यात, तशा.
स्प्रूसच्या सावलीत मळका हिमही होता अजून.

ट्राउट या दिवसांत वर असतात.
जूननंतर शंभर फूट खाली जाऊन बसतील,
मग शिशाची दोरी सोडा, नाकदुऱ्या काढा.
पण हे दहा-बारा दिवस
वरपासून तळापर्यंत पाणी एकाच थंडीचं,
ओढ्यांच्या तोंडाशी स्मेल्टचे थवे,
करंगळीएवढे, चांदीचे,
आणि त्यांच्या मागावर हे, हिवाळाभराचे उपाशी.
म्हणून नाव न्यायची
माणूस चालतो त्याहून हळू,
मागे साठ हात दोरी,
टोकाला पिसांचा खोटा मासा.
बाकी काही करायचं नाही.
बाकी काही न करणं
आमच्या घरात कुणालाच जमलं नाही.

रॉडच्या कड्यांत बर्फ धरत होता.
तो अंगठ्याने फोडायचा, पुन्हा धरायचा.
अंगठ्याचं नख अजून तसंच, वेडंवाकडं,
लहानपणी दारात चेमटलेलं.
दार मी लावलं होतं.

"आईच्या वेळी रस्ते बंद होते," तो म्हणाला.
"जुलै होता, ॲन्सेल्म."

त्यानंतर बराच वेळ वल्ह्यांचं पाणी.
एक लून पक्षी वर आला,
आमच्याकडे बघून परत बुडाला.

राग माझ्या डाव्या हातात उतरला असणार.
नाव वळली.
वळणावर आतली बाजू मंदावते,
बाहेरून जाणारी दोरी पळू लागते,
आणि तेव्हाच, वडील म्हणायचे तसं —
सरळ रेषेत मासा नुसता मागे येतो, बघत;
तुम्ही वळलात की तो ठरवतो.

रॉड वाकली. रीळ किंचाळली.
त्याच्या खांद्याला ते झेपेना,
मी वल्ही सोडून त्याच्या कोपराखाली हात दिला,
आणि तसेच आम्ही उभे, दोघं मिळून एक म्हातारा,
नाव आपली वाऱ्यावर चाललेली.
जाळ्यात आला तेव्हा
चार विती भरला, वर दोन बोटं.
करड्या अंगावर फिकट ठिपके,
पाण्याबाहेर येताच विझत गेलेले.

काठावर त्याने पोट चिरलं.
आत स्मेल्ट. एकेक काढून
सपाट दगडावर ओळीने मांडले,
वडील मोजायला लावायचे तसे.
अकरा. शेवटच्याचे खवले अजून लकाकत होते.

"पोट भरलेलं होतं," तो म्हणाला. "तरी आला."

मी दुसरा कप भरला. कॉफी कोमट झाली होती.
त्याने तो दोन्ही हातांत धरला,
प्यायला नाही लगेच.

"उद्या?"
"आधी मोटर बघ," मी म्हटलं.